गोदाबाईंची गच्ची आणि चौतीस मजले

गोदाबाईंच्या गच्चीवर जायचं तर चपला जिन्यातच काढाव्या लागतात. देवळात एखादा चुकून चपलांसकट शिरला तर पुजारी नुसते डोळे वटारतो. गोदाबाई नुसत्या डोळ्यांवर भागवत नाहीत. डिशवाला आला, चपला काढ. प्लंबर आला, चपला काढ, पाय धू. आणि तो बिचारा पाय धुऊन ओल्या पायांनी वर यायला लागला की, "पूस की मेल्या! गच्चीला चिखल दाखवतोस व्हय?" गेल्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत थेट गच्चीच्या दारापर्यंत पोचले होते. त्यांनाही बूट काढायला लावले. त्यांचे पंधरा कार्यकर्ते मग जिन्यात आपापल्या चपला शोधत बसले आणि त्या गल्लीतला प्रचार अर्धा तास लांबला.

आता एवढं सोवळं कशासाठी, तर कुरडयांसाठी. गोदाबाईंच्या कुरडया म्हणजे काय ते ज्यानं खाल्ल्यात त्याला सांगायला नको आणि ज्यानं नाही खाल्ल्या त्याला सांगून उपयोग नाही. गहू त्या स्वतः मार्केट यार्डात जाऊन आणतात. व्यापारी मुठीत गहू धरून कितीही गोड बोलू दे, बाई चार दाणे दाताखाली फोडणार आणि मग "ह्यो न्हाई" म्हणून पुढच्या गाळ्यावर जाणार. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून चीक गाळायचा, शिजवायचा आणि सकाळी ऊन वर यायच्या आत सोऱ्यानं गच्चीवर घालायचा. माणसाचं काम एवढंच. पुढचं सगळं ऊन करतं. पण ते ऊन पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागलं पाहिजे. दुपारीच ऊन पळालं तर कुरडई आतून ओली राहते, आंबते, आणि तळली की काळीठिक्कर पडते. मग ती लग्नाच्या ताटात वाढायची की म्हशीला घालायची, हा प्रश्न पडतो.

हा उद्योग सुरू झाला त्याला वीस वर्षं झाली. कात्रजच्या बाजूचं हे गाव महापालिकेत गेलं आणि गोदाबाईंचे यजमान रंगराव यांनी घराच्या पश्चिमेचं शेत विकून टाकलं. सगळेच विकत होते, त्यांनीही विकलं. त्या पैशातून तीन मजली घर बांधलं, दोन मजले भाड्यानं दिले आणि रंगराव पारावर जाऊन बसले ते अजून बसलेलेच आहेत. पण जन्मभर कोंबड्याच्या आधी उठून शेतात गेलेली बाई करणार काय? पंधरा दिवस त्या नव्या सोफ्यावर बसून राहिल्या आणि सोळाव्या दिवशी आजारी पडल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. शेवटी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर गेल्या, तर समोर एवढं थोरलं रिकामं ऊन. त्याच दिवशी त्यांनी गहू भिजत घातला आणि दुखणं कुठं गेलं ते डॉक्टरांनाही कळलं नाही.

गच्चीवर एक पाण्याची टाकी होती. आठ फूट उंच. तिची सावली दिवसभर गच्चीवर फिरायची आणि नेमकी कुरडयांवर येऊन बसायची. पहिल्या वर्षी त्या सावलीनं दोन घाणे आंबवले. दुसऱ्या वर्षी गोदाबाईंनी गेरू घेतला आणि सावली जिथं जिथं जाईल तिथं रेघ ओढली. फाल्गुनाची वेगळी, चैत्राची वेगळी, वैशाखाची वेगळी. प्रत्येकीवर तासाचा आकडा. दरवर्षी गेरूचा नवा हात फिरायचा. त्या रेघांच्या बाहेर प्लॅस्टिकचे कागद अंथरायचे, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन हलत नाही. रंगराव म्हणायचे, "लोकं भिंतीवर पंचांग टांगत्यात, आमच्या हिनं गच्चीवर काढलंय."

सगळं असं झकास चाललेलं असताना एका फाल्गुनात त्या विकलेल्या शेताला पत्र्याचं कुंपण पडलं आणि कुंपणावर फलक लागला. चौतीस मजली इमारत. नाव काय, तर 'भास्करिका'. चित्रात इमारतीच्या मागून सूर्य उगवत होता.

"बघा की," गोदाबाई म्हणाल्या, "सूर्य तिच्या मागंच ऱ्हाणार हाय. आपल्याकडं यायचा न्हाई."

रंगराव टोपी सारखी करत पाराकडं निघाले. शेत त्यांनी विकलं होतं, आणि बायको ते तोंडानं बोलून दाखवत नसली तरी भाकरी थापताना परातीचा आवाज वेगळा यायचा.

आठवड्याभरात दारात एक माणूस उभा राहिला. तिशीतला, उन्हानं रापलेला, हातात भलंमोठं पेटीसारखं यंत्र आणि चेहऱ्यावर ते उचलल्याचं दुःख. नाव सुखदेव, यवतमाळकडचा, पर्यावरणाचा अहवाल करून देणाऱ्या एका कंपनीत कामाला. मोठी इमारत बांधायची तर तिच्यानं आसपासची हवा, पाणी, ऊन यांचं काय होईल ते आधी लिहून द्यावं लागतं. त्यासाठी आजची हवा किती चांगली, किती वाईट हे मोजायचं होतं. यंत्र चोवीस तास हवा ओढणार, हवेतली धूळ आतल्या पांढऱ्या कागदावर बसणार, कागद मग तोलायचा. त्यासाठी उंच, मोकळी गच्ची हवी होती.

"धूळ मोजायची?" गोदाबाईंनी विचारलं. "म्हणजे धूळ लई निघाली तर इमारत कमी हुईल?"

"तसं होऊ शकते जी," सुखदेव म्हणाला. "हवा आधीच खराब असली तर परवानगी देतानी इचार करावा लागते."

"मग चढ वर. चपला काढ."

सुखदेवनं चपला काढल्या, पाय धुतले, पुसले, यंत्र गच्चीच्या मध्यावर ठेवलं आणि सुरू केलं. पिठाच्या गिरणीसारखा घुर्र आवाज करत ते हवा ओढायला लागलं. नियमाप्रमाणे त्यानं दर काही तासांनी वर येऊन नोंद करायची आणि यंत्राजवळच राहायचं. पण खाली स्वयंपाकघरात पिठल्याला फोडणी पडली होती. यवतमाळ सोडून तीन वर्षं झालेल्या, खानावळीतल्या पिवळ्या आमटीवर जगणाऱ्या माणसाला हिंगाची फोडणी म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच माहीत.

"मावशी, मशीनकडे जरा ध्यान द्या बरं," एवढं म्हणून सुखदेव जो खाली जेवायला बसला तो पाच भाकरी खाऊन तिथंच भिंतीला टेकला आणि घोरायला लागला. पुढंही दर नोंदीला तो वर यायच्या आत मावशी चहा घेऊन हजर, किंवा आकडा स्वतःच वाचून सांगायच्या. एवढं अगत्य मिळाल्यावर जिना चढतो कोण!

आता गोदाबाईंना 'ध्यान द्या' म्हटल्यावर काय होणार? त्यांनी दिलं ध्यान. पहिल्यांदा गच्ची झाडली. पाहुण्याचं यंत्र, कुणी म्हणायला नको की गोदाबाईंच्या गच्चीवर कचरा होता. मग सडा मारला, म्हणजे धूळ उठणार नाही. मग त्यांनी यंत्राकडे बघितलं. एवढं महागाचं, चकचकीत, आणि असं उघड्यावर! शेजारच्या रस्त्यानं डंपर जात होते, वर नुसता फुफाटा. यंत्राला काही झालं तर त्या पोराची नोकरी जायची. ते यंत्र धूळच मोजायला ठेवलंय, हे त्या काळजीत बाई साफ विसरल्या. गोदाबाईंनी चीक गाळायचं मलमलचं फडकं ओलं केलं, पिळलं आणि यंत्राच्या डोक्यावरून छान गुंडाळून चारी बाजूंनी खोचून टाकलं. कुरडया झाकतात तसं. फडकं वाळलं की पुन्हा ओलं करायच्या. अशी त्यांनी त्या यंत्राची चोवीस तास बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुखदेव वर आला तेव्हा फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं. त्यानं यंत्र उघडलं, कागद बाहेर काढला आणि बघतच राहिला. पुण्यात गेली तीन वर्षं तो कागद काढत होता; असा पांढराशुभ्र कागद त्यानं फक्त पाकिटातून काढताना बघितला होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण पोटात पाच भाकऱ्या होत्या आणि बाईंनी पिशवीत अर्धा किलो कुरडया बांधून दिल्या होत्या. त्यानं कागद पाकिटात घातला आणि जिना उतरला.

एप्रिलच्या अखेरीला बिल्डरनं आसपासच्या रहिवाशांची सभा घेतली. मंगल कार्यालय, पंखे, बटाटेवडे आणि कॉफी. लग्नाला फक्त नवरा-नवरी कमी. गोदाबाई नवी इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी रंगराव, वड्यावर लक्ष ठेवून. सुखदेवच्या कंपनीतर्फे तनुजा नावाची तरुण इंजिनिअर अहवाल सांगायला उभी राहिली. मुलगी हुशार होती, बोलायची मात्र भरभर आणि निम्मं इंग्रजीत.

"सो, एअर क्वालिटीबद्दल खूप पॉझिटिव्ह न्यूज आहे," ती म्हणाली आणि पडद्यावर गोदाबाईंची गच्ची झळकली. "आपलं सॅम्पलिंग या गच्चीवर झालं. आणि इथली हवा, बिलीव्ह मी, महाबळेश्वरला लाजवेल अशी आहे!"

लोकांनी वळून गोदाबाईंकडे बघितलं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. गोदाबाईंनी पदर सारखा केला. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची गच्ची एवढी मोठी करून दाखवत होतं, आणि गच्ची होतीही स्वच्छ.

"त्यामुळे," तनुजा पुढं म्हणाली, "बांधकामाची धूळ ॲड केली तरी हवा लिमिटच्या खूप आत राहते. चौतीस मजल्यांना या बाजूनं काहीच प्रॉब्लेम नाही."

गोदाबाईंचा पदरावरचा हात तसाच राहिला. टाळ्या आपल्या गच्चीला पडल्या, आणि इमारत उभी राहणार ती याच गच्चीच्या पुण्याईवर! डोळ्यांपुढं ते ओलं फडकं आलं. अगं बाई, आपल्याच हातानं केलं की हे!

"आता सावलीचा मुद्दा," तनुजा म्हणाली. "मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेबाराला, इमारतीची सावली शेजारच्या घरांवर अजिबात पडत नाही. झीरो."

"आमची पण पडत न्हाई त्या टायमाला," रंगराव बसल्या जागेवरून म्हणाले. "अमावस्येच्या रात्री मोजली असती तर साडेबाराची पण गरज नव्हती."

सभागृह हसलं. गोदाबाई हसल्या नाहीत. त्या मागं वळून कुणाला तरी शोधत होत्या. सुखदेव मागच्या दाराशी कॉफीचा पेला धरून उभा होता आणि त्याचा चेहरा त्या कागदापेक्षा पांढरा झाला होता. खरं सांगावं तर या पोराची नोकरी जाणार. न सांगावं तर ऊन जाणार. पिठलं आवडीनं खाणारं पोर ते, म्हातारीनं अगत्य केलं एवढाच त्याचा गुन्हा. पण गोदाबाई उठल्या.

"पोरी, ती हवा खोटी हाय," त्या म्हणाल्या.

"सॉरी, काकू?"

"हवा खोटी हाय. मी मशीनला फडकं गुंडाळलं हुतं. ओलं. धूळ बसू ने म्हणून. आन गच्ची झाडून सडा मारला हुता. त्या पोराला मी खाली जेवाया बसवलं, त्याला काय ठावं न्हाई. जे काय हाय ती माझी चूक हाय."

कार्यालयात अशी हशाची लाट उठली की वडे तळणारे आचारी बाहेर येऊन बघायला लागले. धूळ मोजायच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून फडकं! बिल्डरचा माणूस तेवढा हसत नव्हता. गोदाबाईंचे कान लाल झाले. साठी ओलांडलेल्या बाईला भर सभेत स्वतःचं हसं करून घ्यायला काय लागतं ते हसणाऱ्याला कळत नाही.

"त्यायची एकटीची चूक नाही जी," मागून सुखदेव म्हणाला. तो पुढं आला होता. "कागद पाहूनच मले शंका आली होती. मी बोललो नाही. नोंदीच्या वेळी मी वरतं नव्हतोच."

तनुजाचा चेहरा उतरला, पण पोरगी खाली बसली नाही. "ठीक आहे, एअरचं रिपीट करू," ती म्हणाली. "शॅडोचं तरी ओके आहे ना, काकू?"

"शॅडो म्हंजी सावली ना? मग ऐक." गोदाबाईंना आता धीर आला होता, हसून झालं होतं, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. "माझी टाकी आठ फूट. वैशाखात दोन वाजता तिची सावली तीन फूट. चार वाजता धा फूट. सतरा वर्सं रेघा मारत आलेय. तुमची इमारत किती?"

"तीनशे चाळीस फूट."

"मग दोन वाजता तिची सावली किती?"

तनुजानं मनातल्या मनात गुणाकार केला आणि ओठ चावला. "सव्वाशेच्या आसपास."

"आन तुमच्या भिंतीपासनं माझं दार शंभर फूट. माझी कुरडई सकाळी घातली तर सांजच्यापर्यंत ऊन लागतं. साडेबाराला वाळती अशी कुरडई तुमच्यात असंल तर मला शिकवा." त्यांनी रंगरावांकडं बोट केलं. "शेत आम्ही इकलं, बाई. सही यांनी केली, अंगठा मी दिला, त्याबद्दल बोलाया तोंड न्हाई. पण आम्ही जमीन इकली. ऊन न्हाई इकलं."

या वेळी कुणी हसलं नाही. रंगरावांनी हातातला वडा बशीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा टेप घेऊन आली. न सांगता चपला काढल्या, पाय धुतले, पुसले. गच्चीवरच्या एकेक रेघेवर टेप लावला, संगणकातले आकडे ताडून बघितले. फरक निघाला कुठं चार बोटं, कुठं वीतभर.

"काकू, हे तुम्ही शिकलात कुठं?"

"दोन घाणे आंबले की शिकतंय माणूस," गोदाबाई म्हणाल्या आणि तिच्या हातात गरम चिकाची वाटी ठेवली.

मग सुखदेव आला, यंत्र घेऊन. त्याची नोकरी वाचली होती, कारण तनुजानं वर लिहून दिलं की चूक त्यानं स्वतःहून कबूल केली. या वेळी त्यानं गोदाबाईंपुढं हात जोडले. "मावशी, चोवीस तास गच्ची झाडायची नाही. सडा नाही. फडकं नाही. मशीनले हात नाही. अन मले जेवण वरतंच द्या."

माणसाला उपास जमतो, मौन जमतं. गोदाबाईंना न झाडणं कधी जमलं नव्हतं. त्यांनी केरसुणी रंगरावांच्या ताब्यात दिली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिल्या. डोळ्यांसमोर डंपर जात होते, फुफाटा उठत होता, गच्चीवर थर बसत होता. एकदा त्या न राहवून पदरानंच कठडा पुसायला निघाल्या, तर रंगराव ओरडले, "गोदे! हात माघारी घे!" लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढ्या अधिकारानं ते पहिल्यांदाच बोलले असतील.

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं कागद काढला. चुलीवरच्या पातेल्याचं बूड असावं तसा काळा. गोदाबाईंनी तो लांबूनच बघितला.

"हे किती दिसांचं?"

"एका दिवसाचं, मावशी."

"आन इमारत तर अजून सुरूबी न्हाई." त्यांनी पदराचं टोक नाकाशी धरलं. "अठरा वर्सं मी झाडतेय, मला वाटलं धूळ गच्चीवर हाय. ही तर पोटात चाललीय की रे आपल्या."

पुढं कागदांवर कागद फिरले. ते कुणाच्या टेबलावर किती दिवस बसले ते सांगत बसलो तर तुमची कुरडई आंबेल. निकाल लागला तो असा: चौतीसचे बावीस मजले झाले, आणि इमारत भूखंडाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकली. गोदाबाईंना भर वैशाखात साडेतीनपर्यंत ऊन राहणार. पूर्वी सहा-साडेसहापर्यंत असायचं. म्हणजे जिंकल्या म्हणावं तर दिवसातले तीन तास गेले, हरल्या म्हणावं तर दीड तास वाचला. लोक पेढे मागायला आले, त्यांना गोदाबाईंनी तळलेल्या कुरडया दिल्या आणि "पुढच्या वर्साला बारीक घालावी लागणार" एवढंच सांगितलं. बारीक कुरडई लवकर वाळते, पण तेलात तशी फुलत नाही. हे दुःख कुठल्या अहवालात लिहितात?

आणखी एक अट पडली होती: कामावरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाकं फाटकाशी धुवायची, म्हणजे रस्त्याला माती लागणार नाही. ही अट पाळली जाते की नाही हे बघायला सरकारनं माणूस नेमला की नाही ठाऊक नाही. गोदाबाईंनी स्वतःला नेमलं.

यंदाच्या चैत्रात इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली. संध्याकाळी सहाला तिची पहिली सावली गच्चीच्या कडेला टेकली. गोदाबाईंनी गेरू आणला, वाकल्या, रेघ ओढली आणि तिच्यावर सहाचा आकडा घातला. अजून सोळा मजले यायचे होते, म्हणजे अजून सोळा रेघा. रंगराव जिन्यात चपला काढून वर आले होते. पश्चिमेकडं, जिथं त्यांची ज्वारी डुलायची, तिथं बघत ते हळूच म्हणाले, "आपल्या शेतात एवढं उंच पीक कधी आलं न्हवतं, गोदे."

वीस वर्षांत शेताचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं होतं. गोदाबाईंनी गेरूचा हात लुगड्याला पुसला.

"पीक असतं तर सुगीला काढलं असतं," त्या म्हणाल्या. "हे काढायचं न्हाई कुणी."

तेवढ्यात खाली फाटकातून एक ट्रक तसाच मातीच्या चाकांनी बाहेर पडायला लागला. गोदाबाई कठड्याशी धावल्या.

"ए ट्रकवाल्या! पाय धू! धुतलेस का? मग पूस की मेल्या!"

ट्रक थांबला. ड्रायव्हरनं वर बघितलं, खाली उतरला आणि मुकाट्यानं पाण्याची नळी ओढली.